माशांच्या नावाच्या काचा

दिघीच्या खाडीकाठच्या दवाखान्यात कोंडाजी रोगजंतूंचा तपासनीस होता, तेव्हा त्याने नमुन्याच्या काचेवर रोग्याचं नाव कधी लिहिलं नाही. लिहायचा मासे. रावस, सुरमई, घोळ. अमक्याला परमा, म्हणजे तो गुप्तरोग, झालाय हे बंदरावर फुटलं, की तो अमका पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नसे. कुठला मासा कोण, हे फक्त त्याला आणि डॉक्टरांना ठाऊक. डॉक्टर वैतागायचे, "अहो, दवाखाना आहे की मासळीबाजार?"

आता म्हातारपणी ओटीवर बसल्या बसल्या त्याला ते दिवस आठवतात, आणि जीव हळहळतो. खिडकीतली जंतू पाहायची पितळी दुर्बीण, तिच्या आरशाने पकडलेलं ऊन, बोटांवरचे काचा रंगवायच्या रंगाचे जांभळे डाग. आणि काचेवर वालाचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तसे जोडीजोडीने बसलेले परम्याचे गुलाबी जंतू. मेले दिसायचे मात्र देखणे!

सत्तावन्न सालच्या श्रावणात सोनाबाई आपल्या सुनेला, केसरला, पुढे घालून आली. लग्न वैशाखातलं. सोनाबाईच्या काखेत सुनेच्या कपड्यांचं गाठोडं होतं.

"भाऊ, हिच्या आंगात घाण हाय, म्हायेरून आणलेली. तुमी तसा कागद द्या, हिला तरीच्या होडीत बसवून परत धाडते."

केसर खाली मान घालून उभी होती.

नर्सबाईंनी नमुना घेतला. कोंडाजीने काच रंगवून पाहिली. वालाचे दाणे तेच. मग त्याने खोक्यातली एक जुनी काच बाहेर काढली. तिच्यावर 'हलवा' लिहिलं होतं, तारीख जानेवारीची. हलवा म्हणजे केसरचा नवरा चंदर. एक सुई टोचून घेऊन गेला, तो उरलेल्या सुयांना फिरकलाच नाही. नाव सांगावं तर चंदरला दिलेला शब्द मोडतो, गप्प बसावं तर पोरीचा संसार मोडतो.

"कागद उद्या," म्हणून त्याने वेळ मारून नेली आणि दोन्ही काचा खिशात घालून किनारा गाठला. चंदर एकटाच जाळं सांधत बसला होता.

"ही जानेवारीतली तुझी, ही आजची केसरची. दोन्हीत जंतू तेच. तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. पण उद्या तरीत कोण बसणार, ते तू ठरव."

चंदर जाळं सांधतच राहिला. कोंडाजी त्याला शिव्या घालतच घरी आला.

सकाळी तिघंही दवाखान्यात आली. सोनाबाईने कागदासाठी हात पुढे केला, तसा चंदर भिंतीकडे बघत म्हणाला, "आये, घाण माजी हाय. तिला माज्यापासून लागली. पैली सुई मला टोचू दे."

सोनाबाईने पुढे केलेला हात मागे घेतला. तिने काखेतलं गाठोडं केसरच्या हातात दिलं. "घरी ने," एवढंच म्हणाली. कोंडाजी उगाच दुर्बीण पुसत बसला.

केसर अजून टोपली घेऊन त्याच्या दारावरून जाते. एकदा तिने विचारलंच, "भाऊ, माज्या काचेवर कंचा मासा लिवला व्हता?"

"विसरलो गं," कोंडाजी म्हणाला.

सगळे मासे त्याला अजून पाठ आहेत. ते आता त्याच्याबरोबरच चितेवर जायचे.