कडूबांचं काळं शिंगरू

आमच्या साखरखेर्ड्यातले कडूबा सकाळी तोंड धुवायच्या आधी शिंगराचे डोळे बघायचे. शिंगरू काळंभोर, पण त्याची आई चांदणी पांढरीशुभ्र होती. अशा घोडीचं काळं पिलू पुढे पांढरं व्हायचं असलं, तर सुरुवात डोळ्यांभोवती होते, हे कडूबांना पक्कं ठाऊक. एक पांढरा केस दिसला की ते चिमट्याने उपटायचे आणि दुपारी पुन्हा बघायला यायचे. अन्न गोड लागेना, एका जागी बसवेना. "आमचं म्हातारं येडावलं," असं त्यांची बायको गोजरबाई चारचौघांत सांगायची.

चांदणी वरातीत गेली होती. मुलगा गजेंद्र लग्नाला घोडी भाड्याने द्यायचा. पायाशी फटाक्यांची लड फुटली, चांदणी उधळली आणि नालीत पडून मेली. नवरदेवाला पांढरंच जनावर लागतं, काळ्याला कुत्रं विचारत नाही. म्हणून शिंगरू काळंच राहावं, एवढंच कडूबांचं मागणं. गजेंद्र मात्र ते पांढरं व्हायची वाट बघत होता.

नोंदणीसाठी जनावरांच्या डॉक्टर निवेदिता आल्या. रंग लिहायचा म्हणून त्यांनी शिंगराचं तोंड वर केलं, तर डोळ्यांभोवती केसच नाहीत.

"खरूज दिसतेय. याला वेगळं बांधा, नोंदणी नंतर बघू."

कडूबांचा धीरच सुटला. "खरूज नाही मॅडम. म्याच उपटले."

"काऊन पण?" गजेंद्र ओरडला.

"पांढरं झालं का तू नेशीन बे याले वरातीत. चांदणीवाणी."

"मंग मले सांगाचं ना!"

"सांगून काय? दारात गिऱ्हाईक आलं का तुले नाही म्हनता येते काय?"

खरंच होतं ते. मेव्हण्याचा मित्र असो की मित्राचा मेव्हणा, गजेंद्रने कधी कोणाला परत पाठवलं नव्हतं.

डॉक्टरांनी 'सब्जा' लिहिलं, म्हणजे आज काळा, पुढे पांढरा होणारा. कडूबा उठून गोठ्यामागे गेले. मला फार वाईट वाटलं. केस उपटून रंग थांबला असता, तर गावात एकही म्हातारा दिसला नसता.

बाजाराच्या दिवशी गजेंद्र देऊळगाव राजाहून काळ्या मेंदीचे पुडे घेऊन आला. गोजरबाईने आनंदाने हात पुढे केला, पण त्याने ते बापासमोर ठेवले.

"लगनसराईत लावत जाऊ याले," तो म्हणाला. "मले तं नाही म्हनता येत नाही, बाबा. गिऱ्हाईकच पाहून परत गेलं पाहिजे."