सुतकातलं गाणं

ते गाणं मुळात खेळाचं नव्हतंच. एका अल्बममधलं संथ गाणं होतं. पियानो, एक गायक आणि पडलेल्याला उठवणारे साधे शब्द. देशाच्या महिला कबड्डी संघातल्या मुली ते बसमध्ये म्हणायच्या. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि पुढे संघाच्या प्रत्येक सामन्याआधी तेच वाजू लागलं. चारकोपला आमच्या सोसायटीत तर ते लागलं की लोक उभेही राहू लागले. तसा काही नियम नव्हता.

शेवटच्या कडव्यात मागून कोरस येतो. त्यात माझी ताई होती. अंधेरीच्या एका स्टुडिओत तिनं ते इतरांबरोबर गायलं आणि घरी त्याबद्दल बोलली नाही. अशी कामं ती अधूनमधून करायची, सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नसे. ती गेल्यावर तिची एक मैत्रीण भेटायला आली, तिच्या बोलण्यातून आम्हाला कळलं.

ताईचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे सुतक आमच्याच घरात होतं. टीव्ही बंद होता. मैत्रीण गेल्यावर मी आईला म्हटलं, मोबाइलवर लावून देतो.

"सुतकात घरात गाणं लावायचं नाही."

"हळू लावतो."

"हळू लावलं तरी गाणंच ना ते?"

मी मोबाइल ठेवून दिला. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "रविवारी फायनल आहे ना? खाली पडदा लावतील?"

"लावतील."

"मग खाली लावलेलं वर ऐकू आलं, तर त्याला आपण काय करणार?"

एवढं बोलून ती आत गेली. तिला आपल्या मुलीचा आवाज ऐकायचा होता आणि सुतकही मोडायचं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली. मी मागे उभा होतो. खाली पडदा लागला, माणसं जमली. दोन्ही संघ मैदानात येऊन रांगेत उभे राहिले. खालची माणसंही उभी राहिली. पण आवाज आला नाही. पडद्यावर मुलींचे ओठ हलत होते. आमच्याकडे मृत्यू झाला म्हणून सोसायटीनं आवाज बंद ठेवला होता. वर कोणी पाहत नव्हतं. तेही मुद्दामच असावं.

माणसं खाली बसली.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

मी खाली गेलो. तळमजल्यावरचे काका सोसायटीच्या मंडळाचं सगळं बघतात. मला पाहून ते खुर्ची सोडून उठले.

"तू कशाक खाली इलंस? आवाज येता काय वर?"

"येत नाही, म्हणूनच आलो."

मी त्यांना ताईचं सांगितलं.

"म्हणजे सुतकात गाणा लावूक तूच सांगतंस?"

"आईला ऐकायचंय."

मागे बसलेला एकजण म्हणाला, "काका, बघा हां, लोक नावं ठेवतील आपल्याला."

"लोक म्हणजे कोण रे? लोक तर हयच बसलेत."

मध्यंतरात काकांनी आपला फोन स्पीकरला जोडून गाणं लावलं. तोवर मी वर आलो होतो. माणसं पुन्हा उभी राहिली. या वेळी काहींनी वर पाहिलं. कोरस आला तेव्हा आई कठड्याला धरून पुढे झुकली. तिचे डोळे मिटलेले नव्हते. ती स्पीकरकडेच बघत होती. मग गाणं संपलं.

"ओळखू आली?" मी विचारलं.

"नाही. तुला?"

"मलाही नाही."

ती खुर्चीत टेकून बसली. मग मी तिला सांगितलं, की कोरसमध्ये एखादा आवाज वेगळा निघाला तर सगळ्यांना पुन्हा गायला लावतात, असं ताई एकदा म्हणाली होती. आईनं ते ऐकून घेतलं.

"म्हणजे नीट गायली," ती म्हणाली.

खाली दुसरा डाव सुरू झाला होता, पुन्हा आवाजाशिवाय. आपल्या संघातली एक मुलगी चढाईला गेली, परत आली, तरी खाली कोणी ओरडलं नाही. नुसते हात वर झाले.

"जा, सांग त्यांना आवाज लावायला," आई म्हणाली. "मुक्यानं किती वेळ बघतील?"

मी पुन्हा जिना उतरलो.