एका संगणकावर दोन मुलं

निवृत्तीनंतर भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत मी संगणकावरचा वाचनाचा तास सांभाळत असे. तो एका संशोधनाचा भाग होता. सूचना सरळ होती: एका संगणकावर एकच मूल, वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. जे झालं तेवढंच नोंदवायचं. संगणक दहा, मुलं वीस. दोन तुकड्या करायचा मी कंटाळा केला. हुशार मुलाशेजारी कच्चं मूल बसवलं, ही मास्तरकीची जुनी सवय, आणि दोघांच्याही नावापुढे बरोबरची खूण केली. सहा महिने.

मग संशोधन करणारी तरुणी निकाल घेऊन आली. "काका, कच्ची मुलं जागची हलली नाहीत. त्यांना याचा उपयोग नाही, असंच लिहावं लागेल. मग शाळा हे बंद करतेय."

मी खुणांची वही मिटून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यातली तिसरीची मुलगी विचारू लागली, "सर, बंद होनार? मी तर माउसला हात पन लावला न्हाय."

त्याच दुपारी मी त्या तरुणीला फोन करून सगळं सांगितलं. ऐकून ती उसळलीच.

"म्हणजे गोळी दोघांना लिहून दिलीत आणि गिळली एकानंच! आणि मी औषधाला नावं ठेवत बसले."

तिने ते माझ्याकडून लेखी घेतलं. अहवालातला निष्कर्ष मागे घेतला गेला. मुख्याध्यापक बाईंनी आणखी सहा महिने दिले, वर दम भरला, "आता खोटी खूण दिसली तर तुम्हालाच पहिलीत बसवीन."

या वेळी दोन तुकड्या केल्या. वीज गेली त्या दिवशी 'तास झाला नाही' असं लिहिलं. ती मुलगी अडली की उत्तर माझ्या ओठांवर यायचं; मी तोंडावर हात ठेवून उभा राहायचो.

शेवटच्या चाचणीत तिच्यापुढे कधी न पाहिलेली गोष्ट ठेवली. एका जोडाक्षरापाशी ती थांबली, पुटपुटली, आणि पुढे गेली. थेट शेवटच्या ओळीपर्यंत. कच्च्या दहांपैकी आठ जण पुढे सरकले होते. तास चालू राहणार होता, आणि वहीतली प्रत्येक खूण खरी होती.

मी चष्मा काढून डोळे पुसले. ती माझ्याकडे बघत राहिली.

"सर, रडता कशाला? गोष्टीत कोनी मेला न्हाय."