वेचताना मागे पाहायचं नाही

तिसरीतली मुलगी चावते, असा मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत मुलांकडून मातीचे बैल करून घेत होते. चावणारी मुलं मला नवी नाहीत. प्राथमिक शाळांमध्ये समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षं फिरते आहे. स्कूटीच्या डिकीत खडू, माती आणि चार कापडी बाहुल्या असतात. मी मुलांना उपदेश करते असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळ मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसलेली असते.

मुख्याध्यापकांना माझं बसणं नको होतं, चिठ्ठी हवी होती. मुलीने वर्गातल्या एकीच्या मानेला चावा घेतला होता. त्या एकीची आई शाळेत येऊन सांगून गेली होती की पोरीच्या अंगात काहीतरी शिरलं आहे, तिला काढा, नाहीतर आम्ही आमची पोरं काढतो. सोमवारी शाळा समितीची बैठक होती. दूरच्या एका आश्रमशाळेत जागा होती आणि मुलीचा बापही तयार होता.

"मॅडम, तुम्ही फक्त लिहून द्या, की बाहेर पाठवणं तिच्याच भल्याचं आहे. दाखल्याचं मी पाहतो."

मी म्हटलं, आधी मुलगी पाहते.

सानगडीच्या पुढे, जिथे धानाची शेतं संपून जंगल लागतं, तिथलं ते गाव. गुरुवारी मी पोचले तेव्हा मधली सुट्टी चालू होती. मी गाडी लावली आणि मला वाटलं, आज शाळा बंद आहे. मधल्या सुट्टीत प्राथमिक शाळा रस्त्यावरून ऐकू येते. इथे चिमण्या ऐकू येत होत्या.

मुलं शाळेच्या मागे होती, दहा-बाराजणं. ओल्या जमिनीवर उकिडवी बसून ती काहीतरी वेचत होती. जमिनीवर काहीच नव्हतं. चिमटीत नसलेलं काहीतरी पकडून ती शेजारी टाकत होती, जिथे टोपली असावी तिथे. कोणी बोलत नव्हतं. मागच्या भिंतीपासून एक मुलगी निघाली. दोन वेण्या, लाल रिबिनी, अनवाणी. ती इतकी हळू येत होती की हलते आहे की नाही ते समजत नव्हतं. वेचणाऱ्यांपैकी एकानेही मागे पाहिलं नाही. तिने एकीची मान मागून दोन्ही हातांनी धरली आणि तिला ओढत भिंतीपलीकडे नेलं. ती मुलगी ओरडली नाही. बाकीची वेचत राहिली. थोड्या वेळाने सगळी उठली, नसलेल्या टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि एका ओळीत वर्गाकडे निघाली. ओढून नेलेली मुलगी घंटा होईपर्यंत तिथेच पडून होती.

या कामात मी सहसा घाबरत नाही. त्या दिवशी माती आणि बाहुल्या डिकीतच ठेवून मी आधी मुख्याध्यापकांकडे गेले.

मुख्याध्यापक म्हणाले, हा खेळ त्यांनी तीनदा बंद केला होता. मैदानात बंद केला तर मुलं मागे गेली. मागून हाकललं तर वर्गात पेन्सिलीची सालं वेचायला लागली. कशाचा खेळ आहे ते त्यांना माहीत होतं, पण त्यांनी आवाज खाली केला. मोहाच्या दिवसांत त्या रिबिनीवाल्या, चावणाऱ्या मुलीची आई जंगलात मोहाची फुलं वेचायला गेली होती, तिला 'त्याने' नेलं. त्या गावात वाघाचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो येतो म्हणतात.

दुपारी मी बापाला भेटायला गेले. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. तो शेताच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला, हातापायांना चिखल. मी विचारलं, मुलीला काय सांगितलं आहे?

"दवाखान्यात नेलं म्हणून सांगतलं तेव्हा. मंग काही सांगतलंच नाही. ते पोरगी बी इचारत नाही."

मग त्याने स्वतःहून सगळं सांगितलं. त्या पहाटे मुलगीही आईबरोबर गेली होती. उजाडल्यावर ती एकटीच घरी आली, मोहाने भरलेली टोपली डोक्यावर घेऊन. आई कुठे आहे विचारलं तर म्हणाली, मागून येऊन राहिली. घरच्यांनी मोह वाळत घातला, चहा ठेवला. तासाभराने लोक शोधायला निघाले. मुलीला शेजारणीकडे ठेवलं. जे सापडलं ते कापडात बांधून आणलं, लगेच जाळलं, तिला दाखवलं नाही. चार महिने झाले होते.

त्याने विचारलं, पोरीला एखाद्या जाणत्याकडून झाडून आणू काय? मी म्हटलं, सोमवारनंतर काय करायचं ते करा. तोवर माझं ऐका. उद्या मी तिच्याशी बोलते, परवा तुम्ही बोलायचं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी पदर खोचला आणि मुलांच्या ओळीत उकिडवी बसले. गुडघे कुरकुरले. शेजारची हसली नाही, थोडी सरकली फक्त. मीही जमिनीवरून नसलेलं काहीतरी उचलून शेजारी टाकायला लागले. मागे आठ वर्षांची, रिबिनी बांधलेली एक मुलगी आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तरी माझी मान आखडली. तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता. आता किती जवळ असेल याचा मी हिशोब करत होते आणि हात आपोआप वेचत होते. मग मानेवर श्वास लागला.

मी वळून पाहिलं.

सगळे हात थांबले. ती वीतभर अंतरावर उभी होती, पंजे वर केलेले, चेहरा गोंधळलेला.

"मॅडम, मागं पाहाचं नसते."

"काहून?"

"आईनं सांगतलं होतं. इकडंतिकडं नको पाहू, लवकर लवकर मोह वेच."

म्हणून तिने पाहिलं नव्हतं. मागे काय झालं ते ऐकू आलं होतं का, हे मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, की रोज तूच का होतेस तो?

"मी झाली तं मले मालूम रायते ना, कुठी हाये तो."

तिने हात खाली घेतले. त्या दिवशी खेळ पुढे झाला नाही.

शनिवारी बाप शाळेत आला. मी त्याला बजावून ठेवलं होतं की जे खरं आहे ते सांगा, आणि माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा. तो तिच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसला. कुठे सापडली, कशी होती, कुठे जाळली, सगळं त्याने सांगितलं. वाघ हा शब्द त्याने पहिल्यांदा अडखळत घेतला, नंतर नीट घेतला. ती बाहुलीचा पाय पिळत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी मागं पाहली असती तं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

"मले नाही मालूम, माय," तो म्हणाला. "पण तुले बी नेलं असतं तं मी कोणाकडं पाहून जगलो असतो?"

ती रडली नाही. बाहुली ठेवून त्याच्या मांडीवर डोकं टेकलं आणि दिवसा, शाळेच्या खोलीत, दोन तास झोपली. मधल्या सुट्टीचा गोंगाट त्या दिवशी झाला असता तरी ती उठली नसती, पण बाहेर गोंगाट नव्हताच. खेळ तिच्याशिवाय चालू होता.

सोमवारी बैठकीत मी सांगितलं की मुलीला दाखला दिला तरी खेळ गावातच राहील, पाहून या. खेळ बंद करू नका, नियम बदला. वेचताना कोणीही मागे पाहू शकतो आणि वाघ असं मोठ्याने ओरडू शकतो. ओरडला की वाघाने थांबायचं. चावा कोणी घ्यायचा नाही. एक वयस्कर सदस्य म्हणाले, शाळेत त्याचं नाव नका घेऊ. मी म्हटलं, चार महिने कोणी नाव घेतलेलं नाही आणि तो रोज मधल्या सुट्टीत येतो. चावा बसलेल्या मुलीची आईही बैठकीला आली होती. मग ती म्हणाली, माझी पोरगी ओरडीन तं ठीक आहे. दिवाळीपर्यंत मुदत मिळाली. मुख्याध्यापकांनी दाखल्याचा कागद काढला नाही.

पहिल्या आठवड्यात कोणी ओरडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात चावा बसलेलीच आधी वळली आणि वाघ म्हणाली, घसा बसल्यासारखी. भिंतीजवळची मुलगी थांबली, उभी राहिली, परत गेली. मग सगळीच ओरडायला लागली. आता शाळा रस्त्यावरून ऐकू येत होती.

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी मी गेले तेव्हा ती वेचणाऱ्यांत बसलेली होती. दोन चिमट्या टाकायची, मागे पाहायची, पुन्हा दोन चिमट्या. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, चिठ्ठी देते, ही इथेच शिकेल.

मग माझ्या ध्यानात आलं की आज वाघ कोणीच झालेलं नाही. भिंतीजवळ जागा रिकामी होती. तरी बाराही मुलं वेचता वेचता वळून तिथेच पाहत होती. मी चिठ्ठीवर सही केली आणि मीही पाहिलं.