कुत्र्याला लागलेली घराण्याची कात्री

आमच्या गल्लीच्या टोकाला कुत्र्यांचे केस कापणारा जो माणूस आहे, तो मूळचा माणसांचे केस कापणारा. आजोबांनी थाटलेल्या सलूनमध्ये, थोरल्या भावाच्या शेजारच्या खुर्चीमागे त्याने अठरा वर्षं काढली आणि मग एक दिवस स्वतःचं दुकान काढलं. कारण विचारलं तर सांगतो, कुत्री राजकारणावर बोलत नाहीत आणि त्यांचे केस म्हातारपणीही टिकतात.

थोरल्याला हे सोसलं नाही. घराण्याची कात्री कुत्र्याच्या शेपटीला लागली, असं तो गिऱ्हाइकांना सांगे आणि गिऱ्हाइकं, गळ्याशी वस्तरा असल्यामुळे, मान्य करत. तीन वर्षांत तो धाकट्याच्या दुकानाची पायरी चढला नाही. धाकटा मात्र रोज सकाळी त्याच्यासाठी म्हणून एक स्टूल पुसून ठेवी. त्यावर आजवर टॉवेलच बसले.

परवाच्या सोमवारी वहिनी आपला झुबकेदार पांढरा कुत्रा घेऊन आल्या. थोरला सोबत होता, म्हणजे रस्त्यापलीकडे उभा राहून पेपर वाचत होता. कुत्रा चिखलात लोळला होता आणि थोरल्याने त्याला सलूनमधल्या उंची शाम्पूने घरीच न्हाऊ घातलं होतं. आधी न्हाणं, मग विंचरणं हा माणसाचा क्रम. कुत्र्याचा उलटा. न सोडवलेले गुंते भिजले, वाळताना आवळले आणि कुत्र्याच्या अंगावर लोकरीच्या जाजमासारखा चांगला घट्ट नमदा तयार झाला.

धाकट्याने फणी घातली, ती कानामागे अडकून बसली. सरळ उपाय म्हणजे मशीन फिरवणं. पण मग उद्यापासून सलूनच्या दारात टकला कुत्रा बसला असता, आणि आयुष्यभर लोकांना केस कसे राखावेत हे शिकवणाऱ्या थोरल्याला तोंड लपवावं लागलं असतं.

वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ते काही बोलायचे नाहीत. पण कालपासून जेवले नाहीत."

गुंता मुळाशी चिमटीत धरायचा, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडा थोडा सोडवत आत यायचं. यात दोन्ही हात गुंततात. डोकं धरायला तिसरा लागतो. वहिनींनी धरून पाहिलं, तर कुत्रा त्यांना घेऊनच टेबलावरून उतरला. दुसऱ्या खेपेला फणी डोळ्यापासून बोटभर अंतरावरून गेली. धाकट्याने ती खाली ठेवली आणि मशीन सुरू केलं.

तो आवाज थोरल्याला झोपेतही ओळखता आला असता. पेपर काखेत मारून त्याने रस्ता ओलांडला आणि पायरी चढून कोणाकडेही न बघता कुत्र्याच्या हनुवटीखाली दोन बोटं व डोक्यामागे तळवा ठेवला. पहिल्यांदा केस कापायला आलेली रडकी पोरं तो अशीच धरतो. कुत्रा गप्प झाला.

"बंद कर ते," थोरला म्हणाला. "फणी घे."

तीन तास लागले. तीन वर्षांनी भेटलेले भाऊ "जरा डावीकडे" याखेरीज काही बोलले नाहीत. कानांमागचे दोन गोळे कापावेच लागले, बाकी सगळं वाचलं. शेवटी थोरला दोन पावलं मागे सरला, एक डोळा बारीक केला, डावीकडे जाड राहिलंय म्हणाला आणि धाकट्याच्या हातातून कात्री घेऊन स्वतःच सारखं केलं. घराण्याची कात्री पुन्हा कुत्र्याला लागली. या वेळी तक्रार कुणाकडून आली नाही.

धाकट्याने स्टूल पुढे सरकवलं. थोरला टेकतो न टेकतो, तोच दारात एक म्हातारा कुत्रा आपल्या मालकिणीसह उभा राहिला. थोरला सवयीने उठला, टॉवेल झटकला आणि कुत्र्याकडे पाहून म्हणाला, "या, बसा. किती कमी करायचे?"

कुत्रा बसला.