अंगठ्यासकट

घरत बाई विद्यार्थ्याच्या चित्राला कधी हात लावत नसत. अंबरनाथ पूर्वेच्या इतर चित्रकला क्लासांत शेवटी सर मुलांच्या कागदावर स्वतःचा हात फिरवत. घोडा घोड्यासारखा दिसायचा, आईबाप खूश. चिखलोलीत बाईंच्या क्लासमधून मात्र घोडा जसा झाला तसाच घरी जाई. कुणी पालक तक्रार घेऊन आले की बाई म्हणत, "घोडा तुमच्या पोराचा हाय. माझा बघायचा तर माझ्या घरी या."

त्यांचं माहेर शेतकऱ्याचं, तिथलंच. शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झालेल्या. शिकवताना पुस्तकी बोलत, कुणाला टोचायचं असलं की घरचं.

मी गेले ती पोस्टर काढायला शिकायला. बाबा कामगार संघटनेचे. पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. मला चित्रकार व्हायचं नव्हतं, लोकांना उठवायचं होतं. माझ्या प्रत्येक चित्रात उंचावलेल्या मुठी. बाईंनी एकेक चित्र उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या. ही माणसं जेवतात कशी गो?"

वर्ग हसला. मूठ हे लढ्याचं चिन्ह आहे, असं भाषण मी ठोकलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"चिन्ह हाय, खरं. तुला बोटं काढता येत नाहीत, तेही खरं."

झोंबलं. त्या दिवसापासून मी फक्त हात काढू लागले.

आई उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका कारखान्यात शिवलेल्या कपड्यांचे सुटे धागे कापते. तिथे बायकांसाठी संडास नव्हता. दिवसभर पाणी न पिता त्या काम करत. संडासासाठी बाबांच्या संघटनेची सभा ठरली आणि पोस्टर माझ्याकडे आलं. मी आईचा कात्री धरलेला हात काढला, कागदभर.

संघटनेच्या काकांनी विचारलं, शिवणक्लासची जाहिरात आहे का ही? शिवाय अंगठा चुकलाय. मूठ काढून दे, नाहीतर जुनंच पोस्टर लावू. बाबा जुन्या पोस्टरांची गुंडाळी काढायला गेले.

मी कागद घेऊन बाईंकडे गेले. म्हटलं, एवढा अंगठा सरळ करून द्या, बाकीचं मी भांडून घेईन. बाईंनी पेन्सिल उचललीसुद्धा नाही.

"आईला समोर बसवून काढलास की आठवून?"

"बसवून."

"मग अंगठ्यासकट भांड."

भांडले. संडास बायकांना हवाय, तर पोस्टरही बायकाच निवडतील, हा मुद्दा काकांना मान्य करावा लागला. सभेआधी कारखान्याबाहेरच्या गल्लीत दोन्ही पोस्टरं बायकांपुढे धरली. एकजण माझं जवळून बघून म्हणाली, अंगठा वाकडा काढलाय हिनं. आईनं आपला हात पुढे केला. वर्षानुवर्षं कात्री धरून अंगठा बाहेर झुकला होता. मी तो रोज पाहत होते आणि कधी पाहिलाच नव्हता.

"वाकडाच आहे," आई म्हणाली.

बाकीच्या आपापले अंगठे बघू लागल्या. माझं पोस्टर लागलं.

बाईंना सांगायला धावले. वाटलं, पाठ थोपटतील. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "उजवा झाला. डावा काय करतो, बघितलंस?"

नव्हतं बघितलं.

संडासासाठी आणखी बऱ्याच सभा घ्याव्या लागल्या. तो बांधून झाला, तोवर बाई हयात नव्हत्या. आई कामावरून आली की मी तिला खिडकीपाशी बसवते. तिचा डावा हात कापड ताणून धरतो. तो ताण अजून कागदावर येत नाही. आणणार आहे.