तांब्या फौजदार

पोलीस दारात आला की घरातल्यांच्या घशाला कोरड पडते. आमचे फौजदार मात्र दारात आले की आधी स्वतःच्या घशाची सोय बघत. टोपी काखेत, बूट उंबऱ्याबाहेर, आणि हाक एकच: "कुणी हाये का घरात? पाणी मिळंल का जरा?" तांब्या येऊन रिकामा होईपर्यंत एक अक्षर विचारायचे नाहीत. घोरावाडीपासून लोणावळ्यापर्यंत त्यांना सगळे तांब्या फौजदार म्हणत, तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्यानं नुसतं 'फौजदार' म्हटलं तर इकडेतिकडे बघत, दुसरं कोण आलं म्हणून.

माझी खानावळ तुंगार्लीच्या रस्त्याला. गवंडी, माळी, ड्रायव्हर आणि पोलीस, सगळे एकाच बाकावर जेवतात. फौजदारांकडे काम होतं परक्या देशातल्या माणसांचं. कोण कुठे उतरलंय, कोणाची मुदत संपलीय, बंगल्यांच्या कामावरचा मजूर नक्की कुठला, हे बघायचं. मी एकदा विचारलंच, "अहो, संशयिताच्या घरचं पाणी कसलं पिता?" भाकरी मोडत म्हणाले, "वहिनी, ज्याच्या घरचं पाणी प्यालो त्याला शिवी देता येत न्हाई. तोंडच उचलत न्हाई. म्हणून आधी पिऊन घ्यायचं."

आता कोणाला वाटेल, माणूस मऊ होता. छे! एका बंगल्यावर बागकाम करणारा एक जण खरोखरच सीमेपलीकडचा निघाला. फौजदारांनी त्याच्या खोलीत बसून पाणी घेतलं, आणि त्या माणसानं आपणहून सगळं सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी फौजदारांनी त्याला कोर्टापुढे उभं केलं. माझं डोकं फिरलं. ते जेवायला बसले तेव्हा आमटीची पळी तशीच हातात धरून मी ओरडले, "पाणी पिऊन माणूस धरलात? लाज नाही वाटली?"

ते शांतपणे म्हणाले, "पाणी प्यालो म्हणून सोडायचं, आसं मी कवा म्हनलं? कायदा हाये, मोडला त्यानं. पण आमी त्याला हात लावला न्हाई, आन तो खरं बोलला हे कोर्टात मीच सांगितलं. तेवढं पाण्याचं देणं." मी रागानं त्यांना दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही. त्यांनीही मागितली नाही. त्या माणसाला घेऊन जाताना स्वतःचं कांबळं त्याच्या खांद्यावर टाकलं होतं, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

मग ठाण्यात नवे साहेब आले. वरून मोहीम निघालेली, साहेबांना घाई. बंगाली बोलणारे दिसतील तेवढे उचला, असा हुकूम सुटला. माझ्या खानावळीची फरशी ज्यानं बसवली तो मोईनुल आपल्याकडच्या बंगालचा, माझ्याच मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. त्यालाही नेलं. कागद दाखवले तर साहेब म्हणाले, "असले कागद कुठेही मिळतात." कोणीतरी साहेबांच्या डोक्यात भरवलं होतं की हे लोक पाण्याला काय म्हणतात ते विचारा, इकडचा बंगाली 'जोल' म्हणतो, 'पाणी' म्हणाला की समजा पलीकडचा. मोईनुल बिचारा म्हणाला, पाणी.

फौजदार तिथेच उभे होते. म्हणाले, "साहेब, मग मलाबी घाला गाडीत. आमच्या घरात सात पिढ्या पाणीच म्हणतात."

ठाणं हसलं, साहेब हसले नाहीत. त्यांनी अहवाल फौजदारांपुढे सरकवला: चौकशी केली, इसम परदेशी आढळला, खाली फौजदारांची सही हवी. तेवढी सही झाली की मोईनुल गाडीत बसून थेट सीमेपार जाणार होता. मग आपण भारतातले आहोत हे तो कोणाला सांगणार? फौजदारांनी विचारलं, "त्याच्या गावाला इचारलं का?" साहेब म्हणाले, फोन लागत नाही. "मग चौकशी कुटं झाली? त्याच्या घरचं पाणी कुणी प्यालंय?" असं म्हणून त्यांनी रजा मागितली. कारण मोईनुलच्या गावी जायचं, आणि तेही सरळ तोंडावर सांगितलं. आजारपणाचं सोंग आणलं असतं तर रजा मिळालीही असती. ती नामंजूर झाली. फौजदारांनी टोपी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी चाललो. मी येईस्तोवर हा माणूस हितनं हलला, तर कोर्टात तुमच्या विरुद्ध पहिला साक्षीदार मी आसंन." आणि गेले की हो! बंगालच्या गाडीत बसून, बिनरजेचे, पदरच्या पैशानं तिकीट काढून.

इकडे मी काय हातावर हात धरून बसणार होते? मोईनुलचा डबा घेऊन सकाळ-संध्याकाळ ठाण्यात जायची आणि मेथीची जुडी घेऊन तिथल्याच बाकावर निवडत बसायची. साहेब म्हणाले, "बाई, हे पोलीस ठाणं आहे." म्हटलं, "दिसतंय मला. मेथी कुठेही निवडता येते, माणसं नाही." ते आत निघून गेले. दारात गाडी लागली तरी मी बाक सोडला नाही. मोईनुल कोठडीतून सारखं एकच विचारायचा, "चाची, फौजदार आले?"

आले. दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले, हातात तिथल्या ठाण्याचं शिक्क्याचं पत्र आणि मागे एक ठेंगणी म्हातारी. मोईनुलची आई! तिनं कोणाकडे बघितलं नाही. गजांतून हात घालून आधी लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याच हातानं त्याचं तोंड कुरवाळत रडायला लागली. साहेबांनी पत्र उलटंपालटं केलं, तिथल्या ठाण्याला पुन्हा फोन लावला. या वेळी तो लागला. संध्याकाळी मोईनुल घरी आला.

फौजदार बाकावर टेकले तशी मी विचारलं, "प्यालात का पाणी?" चेहरा असा फुलला त्यांचा! "प्यालो तर! वर म्हातारीनं चुरमुरे दिले. आपलेच चुरमुरे, वहिनी. मी म्हनलं, हा परदेश कसला?"

त्यांना ते भोवलं. विनापरवानगी गैरहजर म्हणून खात्याची चौकशी लागली, बदली झाली ती पार लांब, एका कोठाराच्या राखणीला. तिथूनच निवृत्त झाले. हार नाही, नारळ नाही, निरोपाचं भाषण नाही. मला राग आवरत नव्हता, अजूनही आवरत नाही. ते मात्र एवढंच म्हणाले, "लोकांची चौकशी जल्मभर केली, आता माझी झाली. कागद लय बघितले त्यांनी. पण मला कुणी पाणी न्हाई इचारलं."

गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या तोंडात पाणी घालायला मोईनुलही उभा होता. कोणी त्याला अडवलं नाही. अडवलं असतं तर मी होतेच.

परवा पुन्हा मोहीम निघाली. नवाच हवालदार बूट आपटत खानावळीत आला. "मावशी, ते बंगाली कुठं आहेत? बोलवा पटकन."

मी तांब्या भरला आणि त्याच्यापुढे ठेवला. "आधी पाणी प्या."

"वेळ नाही मावशी, वरून ऑर्डर आहे."

"मग वेळ असेल तेव्हा या. इथे चौकशी पाणी पिऊन होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. मी दारातून हलले नाही. शेवटी त्यानं टोपी काढली, काखेत धरली आणि बाकावर बसला. त्याचं पिऊन होईपर्यंत मी थांबले, आणि मग मोईनुलला हाक मारली.